मोठीचा सल्ला

"आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य ज्या घरात कधी उमटलं नाही, असं घर शोधूनही सापडायचं नाही. सासू सुनेला ऐकवते, कारखान्यातला जुना कारागीर नव्या उमेदवाराला ऐकवतो, कचेरीतले साहेब कालपरवा लागलेल्या कारकुनाला ऐकवतात. ऐकणारा मान खाली घालतो आणि आपली पाळी आली की तोही तेच म्हणतो. या वाक्यात अनुभव किती आणि पोटदुखी किती, याचा विचार करायला आपल्यापैकी कुणाला सवड असते? एका बूटवाल्याच्या बायकोला तो करावा लागला. तिला तो उशिरा सुचला, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. तिचीच ही गोष्ट.

तिला माहेरी मोठी म्हणत. अठरा वर्षं ती एकुलती एक होती, तोवर तिला मोठी म्हणायचं काही कारण नव्हतं. पण मग आईबापांना उतारवयात एक शेंडेफळ झालं, त्याला धाकटी म्हणू लागले, आणि एका रात्रीत ही मोठी झाली. नवऱ्याचं बुटांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. पुढे विक्री, मागे त्याचा कामाचा माळा, तिथे पायांचे लाकडी साचे ओळीने टांगलेले. गिऱ्हाइकांच्या पायांची मापं मोठी घेई. समोरच्याचं पाऊल हातात धरलं की कुठे चावतं, कुठे सैल पडतं, हे ती न विचारता सांगे. तिचा स्वतःचा पाय मात्र नवऱ्याखेरीज कुणाच्या दृष्टीस पडत नसे. उन्हाळा असो की पावसाळा, अंगात पायघोळ झगा.

झग्याखाली काय होतं ते सांगायला हवं. आपल्या शरीरात रक्ताच्या नळ्यांसारखंच आणखी एका बारीक नळ्यांचं जाळं असतं. अंगात झिरपलेलं पाणी गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम. काहींच्या नळ्या जन्मतःच अपुऱ्या असतात. मग पाणी तुंबतं, पाय सुजतो, आणि सुजेवर सूज चढत जाते. डास चावून होतो तो हत्तीरोग वेगळा. मोठीच्या घरातलं हे दुखणं वाडवडिलांकडून आलेलं होतं. तिच्या आत्याला होतं. मोठीला सतराव्या वर्षी सुरू झालं. एकोणिसाव्या वर्षी तिच्या उजव्या पायावर शस्त्रक्रिया झाली, ती त्या काळी जशी होत असे तशी. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची कातडी आणि तिच्याखालचं सुजलेलं सगळं कापून काढलं आणि उघड्या पोटरीवर मांडीची पातळ कातडी आणून लावली. काही ठिकाणी ती धरली, काही ठिकाणी सडली. सडली तिथे पुन्हा लावली. मोठी महिनोन्‌महिने खाटेवर होती. उठली तेव्हा पाय हलका झाला होता, हे खरं. पण पोटरी काठीसारखी, खडबडीत, ठिगळ लावल्यासारखी, आणि तिच्याखाली पाऊल मात्र तसंच टम्म फुगलेलं. वर्षातून एकदा तरी कुठेतरी कातडी फाटे आणि जखम भरायला पाऊणेक वर्ष घेई.

ती खाटेवर होती त्याच दिवसांत धाकटी चालायला शिकली. आई तिला कडेवर घेऊन रुग्णालयात येई आणि जरा पाठ टेकावी म्हणून खाली सोडी. दोन खाटांच्या मधल्या जागेत धाकटी धडपडत पावलं टाके. सगळा वॉर्ड कौतुकाने बघे, नर्सा टाळ्या वाजवत. मोठीही वाजवी. पण तिचे डोळे त्या दोन गुबगुबीत, नितळ पोटऱ्यांवर खिळलेले असत. तान्ह्या बहिणीचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगायचं? तिने ते गिळलं. गिळलेलं पचतंच असं नाही.

पुढे वर्षं गेली. दोन पायांची दोन मापं सांगायला ती एका तरुण बूटवाल्याकडे गेली, आणि त्याने बुटांबरोबर लग्नाचंही विचारलं. आईवडील वारले. धाकटीला तिनेच वाढवलं म्हणा ना. शाळा, शिक्षण, केस कापण्याचं काम शिकवणारा वर्ग, सगळं. धाकटी चौकातल्या एका मोठ्या केशकर्तनालयात लागली. हसरी, बोलकी, हात हलका. गुडघ्यापर्यंतचे झगे घालून ती दुकानात शिरली की मोठी म्हणे, "अगं, जरा लांब घालत जा की." धाकटीला वाटे, ताई जुन्या वळणाची आहे.

धाकटीने तिशी गाठली आणि एका संध्याकाळी ती दुकानात येऊन बाकावर बसली. बूट काढत म्हणाली, "ताई, हे बघ ना काय झालंय. दिवसभर उभी असते म्हणून असेल का?"

डाव्या घोट्यावर मोज्याचा खोल वळ उमटला होता. मोठीने पाऊल हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबलं. खळगा पडला आणि भरून आला नाही. तिने बहिणीला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, "मी आहे ना," म्हणाली. हे सगळं खरंखुरं होतं, त्यात खोट नव्हती. पण त्याच्याही तळाशी काहीतरी हललं. ते म्हणत होतं, आता कळेल हिला.

दोघी रुग्णालयात गेल्या. डॉक्टर बाई होत्या, धाकटीपेक्षा चारदोन वर्षांनीच मोठ्या. त्यांनी धाकटीच्या पायाच्या बोटांमध्ये कसलासा हिरवा रंग टोचला, खोलीतला दिवा मंद केला आणि पायावर कॅमेरा धरला. शेजारच्या पडद्यावर पाय काळा दिसत होता, आणि त्या काळोखात हळूहळू पांढऱ्या रेघा उजळत वर सरकू लागल्या.

"या तुमच्या नळ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही चालू आहे. हीपण. इथे बघा, धुकं पसरल्यासारखं दिसतंय ना? इथे वाट बंद झालीय, म्हणून पाणी कातडीत पसरतंय. आपण काय करणार, तर चालू नळी शेजारच्या बारीक शिरेला जोडून देणार. तुंबलेलं पाणी मग तिकडून रक्तात जाईल."

"केवढी असते ती नळी?" धाकटीने विचारलं.

"शिवणाच्या दोऱ्याएवढी. कधी त्याहूनही बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालावे लागतात. पायावर तीन-चार चिरा राहतील, बोटाच्या पेराएवढ्या."

"आणि अंथरुणात किती दिवस?" हे मोठीने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी चालवतो आम्ही. हां, एक सांगते, दुखणं मुळापासून जात नाही. घट्ट मोजे कायम घालावे लागतात. पण सूज आटोक्यात राहते, पाय चांगला राहतो. फक्त वेळेवर करायला हवं. साचलेल्या पाण्याची एकदा चरबी झाली आणि नळ्या निकामी झाल्या, की मग जोडायला काही उरत नाही. तुम्ही अगदी वेळेत आलात."

मोठीने झगा मांडीवर घट्ट आवळून धरला होता. "ते… सगळं सोलून काढतात, ते नाही करणार?"

"ते जुनं ऑपरेशन," डॉक्टरबाई सहज म्हणाल्या. "आता फार क्वचित करतात. पाय अगदीच हाताबाहेर गेला असेल तर."

क्वचित! मोठीच्या आयुष्याची वाट ज्याने बदलली, ते या बाईंच्या तोंडी एका शब्दात संपलं होतं. धाकटी पडद्यावरच्या रेघांकडे बघून हसत होती. "ताई, बघ तरी, किती छान दिसतंय!" मोठीने बघितलं. तिचं अंग आतून पेटलं होतं. हिला चार चिरा. पेराएवढ्या. दुसऱ्या दिवशी चालणार. आणि पुन्हा त्या नितळ पोटऱ्या घेऊन चौकात मिरवणार. मग माझं काय? मी कुणाचं काय घोडं मारलं होतं? अठरा वर्षं आधी जन्मले, एवढाच ना माझा गुन्हा?

परतीच्या बसमध्ये धाकटी तारखांचं बोलू लागली. मोठीने तिला थांबवलं.

"एवढी घाई कशाला?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता, आणि तो इतका मऊ कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "नवीन प्रकार आहे. उद्या काही झालं तर?"

"पण त्या म्हणाल्या वेळेवर करायला हवं."

"माझ्या वेळचे डॉक्टरही असंच म्हणाले होते. मी विश्वास ठेवला. घरी चल, तुला एक दाखवते."

घरी गेल्यावर तिने दार लावलं आणि खुर्चीत बसून झगा गुडघ्यापर्यंत वर घेतला. सख्ख्या बहिणीला तिने आजवर हा पाय दाखवला नव्हता. धाकटीने पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तोंडावर हात धरला.

"हेसुद्धा ऑपरेशनच होतं," मोठी म्हणाली. "आता तू ठरव."

धाकटीने ठरवलं. तिने तारीख घेतली नाही.

त्यानंतरचे महिने, खरं सांगायचं तर, मोठीला सुखाचे गेले. धाकटी रोज काम आटोपून दुकानात येई. मोठी तिचा पाय उशीवर घेऊन पट्टी बांधायला शिकवी. बोटांपासून सुरुवात करायची, खाली घट्ट, वर सैल, सुरकुती पडू द्यायची नाही. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटीने आता लांब झगे शिवून घेतले. दोघी शेजारी बसल्या की गिऱ्हाईक म्हणत, अगदी एका मुशीतल्या दिसता. आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. घोट्याची सूज पोटरीवर चढली, तेव्हा मोठीने हळहळत पट्टीचा आणखी एक पदर वाढवला. हळहळ खरी होती आणि समाधानही खरं होतं. दोन्ही एकाच मनात नांदत होती, एकमेकांना ओळख न दाखवता.

नवऱ्याच्या ते लक्षात आलं होतं. तो बोलून मोकळा होणारा माणूस नव्हता, कामाच्या माळ्यावरून खाली बघत राहणारा होता. एकदा टाच ठोकता ठोकता त्याने विचारलं, "धाकटीचं ऑपरेशन कधी आहे?"

"घाबरते ती," मोठी म्हणाली.

"ती घाबरते की तू घाबरवतेस?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? मी भोगलंय."

"भोगलंस खरं," तो म्हणाला आणि पुन्हा ठोकू लागला. पण त्या रात्री मोठी त्याच्याशी बोलली नाही.

मग जे व्हायचं ते झालं. केस कापताना धाकटीच्या हातून कात्री निसटली आणि पायाच्या बोटाला खरचटलं. खरचटणं ते केवढं, पाण्याने धुतलं आणि ती विसरली. पण ज्या पायात पाणी तुंबलेलं असतं, त्यात जंतूंना मोकळं रान मिळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानाच्या पायरीवर येऊन टेकली तेव्हा तिचे दात वाजत होते. पाय गुडघ्यापर्यंत लालभडक झाला होता आणि हात लावला तर चटका बसत होता. बूटवाल्याने दुकान तसंच उघडं टाकलं, तिला उचललं आणि रिक्षात घातलं.

रुग्णालयात सलाईनमधून औषधं सुरू झाली. ताप उतरेना. मोठी उशाशी बसून होती. धाकटी तापात काहीबाही बडबडत होती, गिऱ्हाइकांना पुढच्या वेळा देत होती. डॉक्टरबाई आल्या, पाय तपासला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "असा एकेक ताप आला की नळ्या आतून करपतात. तुम्ही परत आलाच नाहीत. मी वाट बघत होते. काही अडचण आली होती का?"

धाकटीने डोळे उघडले. तिची नजर मोठीवर गेली, तिथून खिडकीकडे वळली. "मलाच धीर झाला नाही," ती म्हणाली.

तिने बहिणीचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मोठीला भांडता आलं असतं, मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं, असं म्हणता आलं असतं. आता काहीच म्हणता येईना. ती उठली आणि कुणाला न सांगता तिथून निघाली.

ती गेली आत्याकडे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐंशी ओलांडलेली, एका खोलीत एकटी राहणारी, जीभ अजून धारदार. तिचे दोन्ही पाय आयुष्यभर सुजलेले. तरुणपणी तिने टेलिफोन खात्यात नोकरी धरली ती एवढ्याचसाठी, की तिथे बसून काम करता येई आणि लोकांना फक्त आवाज ऐकू येई. आवाज गोड होता. कितीजण त्या आवाजाच्या प्रेमात पडले होते, हे ती अजून रंगवून सांगे. आताही ती खिडकीजवळ खुर्चीत होती आणि पाय समोरच्या चौरंगावर, दोन उशांसारखे ठेवलेले.

मोठीने तिला धाकटीच्या तापाचं सांगितलं. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि ऑपरेशन का नाही केलं पोरीने?"

"मी म्हटलं थांब."

"का?"

"नवीन आहे म्हणून. काळजी वाटली."

"काळजी," आत्या म्हणाली. "बरं. आता ती बाजूला ठेव आणि खरं काय ते सांग."

मोठीने झग्याची किनार बोटांत धरली. मग तिचा बांध फुटला. "चार चिरा, आत्या! चार चिरा आणि दुसऱ्या दिवशी चालायचं. मला सोलून काढलं. मी अंथरुणात कुजत होते. एकोणीस वर्षांची होते मी. हिला सगळं आयतं. लहानपणी आईची मांडी हिला, टाळ्या हिला, आणि आता दुखणंसुद्धा हिलाच सोपं! मला नाही बघवलं. झालं समाधान?"

आत्या चिडली नाही आणि दचकलीही नाही.

"माझ्या वेळी काय होतं माहितेय?" ती म्हणाली. "पाय वर टांगून ठेवायचे आणि देवाचं नाव घ्या म्हणायचे. माझ्याही आधी म्हणे कातडीखाली रेशमाचे दोरे घालून ठेवत, त्यावरून पाणी वर चढेल म्हणून. पाणी काही चढलं नाही, पाय मात्र पिकले. मग कापायला लागले. तू त्यात सापडलीस. कापून दुखणं संपत नाही हे तुझ्यासारख्यांचे पाय बघून बघूनच त्यांना कळलं ना? मग कुणी आतली कातडी दुमडून पुरून बघितली, कुणी चरबी ओढून काढली, कुणी या नळ्यांच्या गाठी दुसरीकडून आणून बसवल्या. असं करता करता नळीला नळी जोडण्यापर्यंत आले. उद्या याहून सोपं काही निघेल, आणि तेव्हाची पोरं धाकटीच्या चिरा बघून म्हणतील, अगंबाई, असं करत होते?"

"म्हणजे मी फक्त शिकायच्या उपयोगाची."

"तुला ऑपरेशनला कोण घेऊन गेलं होतं?" आत्याने विचारलं.

मोठीने वर बघितलं. "तू."

"तुझा बाप थरथर कापत होता. आईच्या कडेवर तान्ही पोर. मी हे दोन खांब ओढत तुझ्याबरोबर आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मोठमोठे डॉक्टर समोरून जात होते. त्यातल्या एकानेही माझ्या पायांकडे बघून तुमचंही करू या म्हटलं नाही. माझी वेळ गेली होती. तुझी आली होती. मला काय वाटलं असेल?"

तीस वर्षांत मोठीने हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

"हेवा वाटला," आत्या म्हणाली. "भरपूर वाटला. बाकावर बसून मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या मी. हेवा काय, शिंकेसारखा येतो. त्याला कुणी आवतण देत नाही. पण शिंक आली तर आपण तोंडावर रुमाल धरतो की दुसऱ्याच्या ताटात शिंकतो? मी तुझ्या बापाला म्हटलं असतं की नको, धोका आहे, तर त्याने ऐकलं असतं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी तोंडातून काढला नाही."

"पण माझं वाईटच झालं, आत्या."

"झालं. ते मला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. तुझ्यावर अन्याय झाला, तो मी नाही म्हणायची नाही. कुणीतरी दोन काळांच्या मध्ये जन्माला येतं आणि चिरडलं जातं. पण तो अन्याय धाकटीने केलेला नाही. तिचा पाय वाईट झाला म्हणून तुझा चांगला होणार आहे का?"

मोठी रडू लागली. मग आत्याने एक पाय चौरंगावरून सरकवला आणि म्हणाली, "आता रडून झालं असेल तर जा. सांग तिला."

"काय सांगू?"

"खरं ते. काळजीचं सोंग पुरे झालं."

मोठी रुग्णालयात परतली तेव्हा धाकटीचा ताप उतरला होता. नवरा शेजारी बसून तिला पाणी पाजत होता. मोठीचा चेहरा बघून तो उठला आणि बाहेर गेला.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," मोठी म्हणाली. "मी तुला थांब म्हटलं ते काळजीने नाही. मला तुझा हेवा वाटला. तुझं सोपं होणार होतं आणि माझं झालं नव्हतं, म्हणून मी माझा पाय तुला दाखवला. तुला घाबरवायलाच दाखवला."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले नाहीत, उलट कोरडे होत गेले.

"मला एकदोनदा वाटलं होतं तसं," ती शेवटी म्हणाली. "तू पट्टी बांधताना गुणगुणायचीस. पण मी स्वतःलाच रागावले. म्हटलं, ताईबद्दल असा विचार करायचा?"

"मला माफ…"

"आत्ता नको, ताई. आत्ता तू बाहेर बस."

मोठी बाहेर जाऊन बाकावर बसली. तिला हाकललं होतं, आणि हे बरोबरच झालं असं आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं. नवऱ्याने आपला डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.

पाय निवल्यावर डॉक्टरबाईंनी पुन्हा हिरवा रंग टोचून पाहिलं. या वेळी मोठी दाराजवळ उभी होती. पडद्यावर आधी उजळलेल्या रेघांपैकी निम्म्याच उरल्या होत्या, आणि धुकं गुडघ्यापर्यंत चढलं होतं.

"अजून जोडण्यासारखं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आधी झालं असतं तेवढा गुण येणार नाही, हे सांगून ठेवते."

मोठी पुढे झाली. "डॉक्टर, तिला धीर झाला नाही हे खरं नाही. मी तिला अडवलं." आणि त्या खोलीत, नर्सेसमोर, तिने आपला झगा वर घेतला. "हे दाखवून अडवलं."

डॉक्टरबाई खाली वाकल्या. त्यांनी तो पाय घाईने झाकला नाही की तोंड वाकडं केलं नाही. जपून, अदबीने हात फिरवत त्या बघत राहिल्या. "असा पाय मी पुस्तकातल्या चित्रांतच पाहिला होता," त्या म्हणाल्या. "ही वरची जखम कधीपासून आहे? याचंही बघू आपण. पूर्वीसारखा होणार नाही, पण जखम तरी नीट भरेल." मग सरळ होत म्हणाल्या, "आम्हाला शिकवताना असेच पाय दाखवून सांगायचे, की एवढं करूनही सूज परत येते, दुसरी वाट शोधा. तुम्ही कधी कुणाला शिकवलं असं तुम्हाला वाटलं नसेल."

आत्याने हेच सांगितलं होतं, पण आत्या घरची. तिचं म्हणणं खरं असतं आणि तरी मनाला लागत नाही. परक्या बाईने तो पाय हाताळून ते सांगितल्यावर मोठीला ते पटलं.

धाकटीचं ऑपरेशन झालं. बरेच तास चाललं, कारण दोऱ्याएवढ्या नळ्या शोधायलाच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी तिला चालवलं. मोठीने हात पुढे केला, धाकटीने क्षणभर बघितलं आणि धरला. पोटरीची सूज हळूहळू उतरली, घोट्याची मात्र थोडी राहिलीच. ती आता अर्धा दिवस उभी राहून काम करते आणि उरलेला अर्धा उंच स्टुलावर बसून. घट्ट मोजे घालते आणि त्यावर आखूड झगे. दोघी बहिणी बोलतात, हसतातही. पण पूर्वी धाकटी सगळं ताईला विचारून करायची, ते आता करत नाही. मोठीला ते बोचतं. तिने ते बोचू दिलं आहे.

रुग्णालयाच्या बाहेरच्या खोलीत आठवड्यातून एकदा या दुखण्याचे नवे रोगी येतात. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून मोठी तिथे जाऊन बसते. मध्यंतरी एक मुलगी आपल्या आईबरोबर आली होती. आईचा हात सुजलेला, छातीच्या गाठीवरच्या उपचारानंतर. मुलगी ऑपरेशनचं विचारत होती आणि आई मुलीचं बोलणं तोडत होती. "माझी बहीण असाच हात घेऊन दिवस काढतेय. मला काय धाड भरलीय? थांबू या."

"थांबा की," मोठी म्हणाली. "पण कशासाठी थांबताय ते आधी स्वतःशी बघा. भीती वाटत असेल तर डॉक्टरांना सगळं विचारा, दहादा विचारा. आणि बहिणीला मिळालं नाही ते आपण कसं घ्यावं, असं वाटत असेल, तर बहिणीला जाऊन विचारा. आणि ती नको म्हणाली, तर का म्हणाली तेही विचारा."

मोठीने त्या आईला आपला पाय दाखवला आणि मग, धाकटीची परवानगी घेऊन ठेवली होती म्हणून, धाकटीच्या पायाचा फोटोही दाखवला. दोन्ही पायांची हकीकत सांगितली, आपला वाटाही न वगळता सांगितला. सगळं ऐकून झाल्यावर त्या बाईने मुलीला म्हटलं, "जा, तारीख विचारून ये."

वाचकहो, हेवा कुणाला वाटत नाही? जे आपल्याला मिळालं नाही ते दुसऱ्याला सहज मिळताना पाहून पोटात कालवतं, त्याला कुणाचा इलाज नाही, आणि तो गुन्हाही नाही. गुन्हा तेव्हा घडतो, जेव्हा आपण त्या हेव्याला अनुभवाचा अंगरखा घालतो आणि सल्ला म्हणून दुसऱ्याच्या दारात उभा करतो. आपण सोसलं ते पुढच्याने सोसावं म्हणून नाही. पुढच्याला ते सोसावं लागू नये, एवढाच त्या सोसण्याला अर्थ देता येतो. नाहीतर ते नुसतं दुखणं उरतं. म्हणून पुढच्या वेळी कुणाला "जरा थांब" म्हणण्याआधी घटकाभर आपणच थांबू या, आणि बघू या की आपल्या तोंडून बोलतंय ते कोण.